थेरपी डॉग हवा, पण समुपदेशकासोबत

संपादक महोदय,

मुलांच्या मनावरचा ताण हलका व्हावा म्हणून शाळेत प्रशिक्षित कुत्रा, म्हणजेच ‘थेरपी डॉग’, आणण्याची भाषा आता मोठ्या शहरांतील पालक करू लागले आहेत. आपल्या मराठवाड्यात हा विषय काढला की लोक हसतात. इथे शिकवायला मास्तर पुरत नाहीत, कुत्रा कुठून आणायचा, असा सवाल येतो. जिल्हा परिषदेच्या शाळांत उभी हयात गेल्यावर मला मात्र ही कल्पना हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही.

दिवाळी झाली की आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि लेकरे आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. चौथीतला असाच एक मुलगा वर्गात तोंडच उघडत नसे. वाचायला उभे केले की पहिल्या ओळीलाच अडे आणि मागून कुणी खुदकन हसले की पुस्तक मिटून खाली बसे. एकदा मधल्या सुट्टीत तो मला पाण्याच्या टाकीमागे दिसला. उरल्यासुरल्या खिचडीवर पोसलेला शाळेच्या आवारातला मोत्या पुढे पाय पसरून पडला होता आणि हा त्याला धडा वाचून दाखवत होता. अडखळत होता, पण थांबत नव्हता. ‘कळलं नाही का? थांब, पुन्हा वाचतो,’ असे मोत्याला म्हणाला, तेव्हा मी आल्या पावली मागे फिरलो.

अमेरिकेच्या युटा राज्यात १९९९ पासून मुलांनी प्रशिक्षित कुत्र्याला वाचून दाखवण्याचा उपक्रम चालतो, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. त्याच्याही आधी, १९६० च्या दशकात, बोरिस लेव्हिन्सन या बालमानसशास्त्रज्ञाने आपला कुत्रा जवळ असताना अबोल मुले अधिक मोकळी होतात, हे नोंदवून ठेवले होते. ऐकणारा चुका काढत नाही, इतके साधे कारण त्यामागे आहे.

तरीही मोत्या थेरपी डॉग नव्हता, आणि हा फरक पुसला तर घात होईल. थेरपी डॉग शांत स्वभावाचा, पारखून घेतलेला, नियमित लसीकरण झालेला असतो; त्याचा हाताळणारा माणूस सतत सोबत असतो आणि काम ठरल्या वेळेपुरतेच असते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण बहुधा वाचत नाही, हे खेड्यातल्या शिक्षकाला कुणी सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळांच्या आवारातून भटकी कुत्री हटवण्याचा आदेश दिला, तो मला मोत्याची आठवण असूनही पटतो. ज्या मुलाला कुत्र्याची भीती किंवा केसांची ॲलर्जी आहे, त्याच्यावर सक्ती नको, आणि पालकांची लेखी संमती हवीच.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची. त्याच न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमण्यास सांगितले आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संपर्कव्यवस्था ठेवायची आहे. आमच्याकडील कितीतरी वाडी-तांड्यांवरच्या शाळा या दुसऱ्या प्रकारात मोडतात. कुत्र्याजवळ मूल बोलू लागेल, पण ते काय बोलले हे समजून घेणारे माणूस जवळ नसेल तर तो निव्वळ करमणुकीचा तास ठरेल. समुपदेशकाची जागा रिकामी ठेवून कुत्र्यासोबतचे फोटो छापून आणण्याचा मोह काही संस्थाचालकांना होणार, ही भीती मी अनुभवाने व्यक्त करत आहे.

परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि शासनाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही आहे. या दोन्ही यंत्रणांना एकत्र आणून शिक्षण विभागाने आधी एक-दोन केंद्रशाळांत प्रयोग करावा. कुत्र्यांची निवड आणि आरोग्यतपासणी महाविद्यालयाने पाहावी, मुलांची बाजू समुपदेशकाने सांभाळावी. मार्चनंतर पत्र्याच्या खोलीत भर दुपारी कुत्र्याला बसवणे ही क्रूरता आहे, तेव्हा वेळ सकाळचीच असावी. आणि सुरुवात जूनमध्ये नको. दिवाळीनंतर वसतिगृहे भरतात, रात्री लेकरे आईची आठवण काढत जागी राहतात, त्या आठवड्यापासून व्हावी.

आपला नम्र,
एक निवृत्त मुख्याध्यापक,
औसा, जि. लातूर