शेवटच्या बाकापर्यंत प्रश्न पोहोचतो का?

मा. संपादक महोदय,
सविनय नमस्कार.

वर्गात मुलांचे लक्ष लागत नाही, या तक्रारीवर आपल्या सदरात अलीकडे आलेली वाचकांची पत्रे मी आवर्जून वाचली. बहुतेकांचा रोख मोबाइलवर आहे आणि दोघांनी तर शाळेतून छडी गेल्यामुळेच मुले बेपर्वा झाली, असा निष्कर्ष काढला आहे. वागळे इस्टेट परिसरातील एका अनुदानित शाळेत मी एकवीस वर्षे गणित शिकवते. मोबाइलपायी झालेले नुकसान रोज डोळ्यांसमोर असल्याने त्याची वकिली मी करणार नाही. छडीबद्दल एवढेच सांगेन, की शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे. शिवाय छडीच्या काळात मी स्वतः विद्यार्थिनी होते आणि तेव्हाही मागच्या बाकांवर फुली-गोळ्याचे डाव रंगत असत, फक्त वही लपवण्यात मुले अधिक तरबेज होती.

माझे म्हणणे वेगळे आहे. ज्याला आपण लक्ष न देणारा विद्यार्थी म्हणतो, त्याच्याकडे एका तासिकेत शिक्षकाचे लक्ष किती वेळा जाते, हे सहसा कोणी मोजत नाही. दोन वर्षांपूर्वी मी ते मोजून घेतले. माझ्या विनंतीवरून एक सहकारी बाई त्यांच्या ऑफ तासाला सहावीच्या वर्गात मागे येऊन बसल्या. बाकांचा नकाशा कागदावर काढायचा आणि मी ज्याला प्रश्न विचारीन त्याच्या जागी टिंब द्यायचे, असे ठरले होते. पस्तीस मिनिटांत मी २६ प्रश्न विचारले होते. त्यांतली १९ टिंबे पुढच्या दोन ओळींत पडली होती आणि खिडकीकडच्या शेवटच्या तीन बाकांवर एकही नव्हते. तिथल्या दोन मुलांना मी 'लक्ष कुठे आहे तुझे?' असे मात्र विचारले होते. 'हा प्रश्न मोजायचा का?' असे बाईंनी शिक्षककक्षात अगदी गंभीर चेहऱ्याने विचारले, तेव्हा मला उत्तर सुचले नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती अधिक लागली. प्रश्न विचारून झाला, की मी जवळजवळ लगेच पुढच्या ओळीतला वर आलेला हात निवडत होते, किंवा उत्तर स्वतःच देऊन टाकत होते. मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासिकेने १९७० च्या दशकातच वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासून दाखवले होते, की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादाच सेकंद थांबतात आणि हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तर मुलांची उत्तरे लांबतात, निरुत्तर राहणे कमी होते आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण अठ्ठावन्न मुलांसमोर प्रश्न टाकून, बाहेर रिक्षांचे हॉर्न चालू असताना, तोंड मिटून उभे राहून पाहावे. सुरुवातीला मी खडू एका हातातून दुसऱ्या हातात देऊन वेळ काढत असे. आता हात वर करण्याची पद्धतच मी बंद केली आहे. प्रश्न आधी सगळ्या वर्गाला विचारते, थांबते, मग डब्यातून हजेरी क्रमांकाची चिठ्ठी काढते. नाव आधी घेतले, तर उरलेले सत्तावन्न जण त्याच क्षणी सुटतात.

याच्याही पुढे उपयोगी पडली ती पाटी. शाळेच्या माळ्यावर जुन्या पाट्या धूळ खात होत्या, काही मी पदरचे पैसे घालून आणल्या. दुपारच्या सत्रात, मधल्या सुट्टीनंतर, डबा खाऊन मुले पेंगायला लागण्याच्या नेमक्या वेळी मी फळ्यावर एक छेद दोन अधिक एक छेद तीन लिहिले आणि उत्तर पाटीवर लिहून सर्वांनी एकदम वर धरायला सांगितले. निम्म्याहून अधिक पाट्यांवर दोन छेद पाच होते. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवण्याची ही जुनी चूक शेवटच्या बाकावरच्या मुलाने केली होती, तशीच पहिल्या बाकावरच्या, माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणाऱ्या मुलीनेही केली होती. खिडकीकडे पाहणाऱ्याला आपण पकडतो. फळ्याकडे पाहत हरवलेले मूल मात्र वर्षभर हुशार म्हणून खपून जाते. त्या दिवशी पुढचा पाठ मी सोडून दिला आणि कागदाच्या पट्ट्या घडी घालून अर्धा आणि तिसरा हिस्सा शेजारी ठेवून पाहण्यात तासिका संपली. ओल्या फडक्याचा वास वर्गभर पसरला होता, पण पेंगत कोणी नव्हते.

मुलापर्यंत शाळेनेच जायचे, हे ठाण्याला काही परके नाही. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा होईपर्यंत बोर्डी आणि कोसबाड ही गावे आपल्याच जिल्ह्यात होती. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलेल्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी, मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, गुरे राखायला गेले असेल तर कुरणावर भरवावी, असा मार्ग काढला होता. आम्हाला तर एकाच खोलीत फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंतच जायचे आहे.

सगळा भार शिक्षकावर टाकावा, असेही मी म्हणत नाही. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण आहे. संचमान्यतेचा, म्हणजे पटसंख्येवरून शिक्षकांची पदे मंजूर करण्याचा, हिशेब काहीही सांगो, माझ्या हजेरीपटावर ५८ नावे आहेत. मुलांची झोप पुरी होत नाही, हा मुद्दा डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपालांनी मांडल्यावर शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा निर्णय घेतला, पण चौथीतून पाचवीत गेलेल्या मुलाची झोपेची गरज जूनमध्ये एकाएकी कमी होत नाही. आणि काही मुलांची अस्वस्थता खरोखर तज्ज्ञानेच तपासायला हवी. तिथे पाटीही पुरणार नाही आणि रागावणे तर नाहीच नाही.

माझी मागणी लहान आणि बिनखर्चाची आहे. आमच्याकडे पाठ निरीक्षणाची नोंदवही असते. तीत फळ्यावरील लेखन, शैक्षणिक साधने आणि वर्गनियंत्रण यांचे रकाने आहेत. वर्ग चिडीचूप असला, की वर्गनियंत्रण उत्तम असा शेरा मिळतो; मलाही तो अनेक वर्षे मिळत आला. त्या तासिकेत किती वेगवेगळ्या मुलांनी उत्तर दिले, याचा एक रकाना शाळांनी आपापल्या नोंदवहीत वाढवावा आणि निरीक्षणाला येणाऱ्यांची खुर्ची दाराजवळ न ठेवता खिडकीकडच्या शेवटच्या बाकाशेजारी ठेवावी.

आपली विश्वासू,
एक गणित शिक्षिका,
वागळे इस्टेट, ठाणे