वाकामॉ नदीवर धावून आलेल्या चीफकाकांना

ती. स्व. चीफकाका आणि काकू यांस,
सा. नमस्कार वि. वि.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "बरं बरं, इंजिन तेल किती खातंय ते सांग" म्हणून विषय बदलता. म्हणून चारचौघांत, सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. आता बदला विषय! शिवाय होडीचं इंजिन बिघडलं त्या दिवशी मंडळाच्या ज्या ग्रुपवर आम्ही टाहो फोडला, तिथले अर्धे लोक अजून विचारतात की त्या होडीवाल्यांचं पुढे काय झालं. त्यांनाही हे उत्तर पोचेल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. (चीफकाका म्हणजे जहाजावरचे इंजिनवाले, म्हणून 'चीफ'.) अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर, जमिनीच्या आतून एक जलमार्ग जातो. व्हर्जिनियातल्या नॉरफोकला त्याचा शून्य मैल, तिथून मायामीपर्यंत जवळजवळ 1,100 मैल. नद्या, खाड्या, उथळ सरोवरांसारखी मोठी पाणी आणि त्यांना जोडणारे खोदलेले कालवे, असा तो एकमेकांना सांधत गेलेला रस्ता आहे. बाहेर अटलांटिकमध्ये केप हॅटरसचं भूशिर जहाजं गिळण्यासाठी बदनाम, त्यामुळे लहान होड्या आतूनच जातात. शरद ऋतू लागला की उत्तरेतल्या होड्यांची दक्षिणेकडे रीघ लागते. ती एकदम नोव्हेंबरात उसळण्याचं कारण थंडीइतकंच विम्याचंही आहे. चक्रीवादळांचा मोसम कागदोपत्री 30 नोव्हेंबरला संपतो आणि बऱ्याच विमा कंपन्या 1 नोव्हेंबरच्या आधी फार खाली उतरू देत नाहीत. आम्ही दोघं त्याच रांगेत होतो. जुनी शिडाची होडी, साडेपाच फूट पाण्याखाली, आणि तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन. शीड असलं तरी या मार्गावर बहुतेक वेळ इंजिनच चालवावं लागतं, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही.

मर्टल बीचच्या मागून जाणारा कालव्याचा तुकडा तुम्हाला तुमच्या परसासारखा माहीत आहे. सगळे त्याला 'रॉक पाइल' म्हणतात. खडक फोडून काढलेली अरुंद वाट, दोन्ही कडांना पाण्याखाली दगडांचे दात. शिरण्याआधी रेडिओच्या सोळा नंबर चॅनेलवर पुकारा करायचा, समोरून बार्ज येत नाही ना याची खात्री करायची आणि मधोमध चालायचं. ते निभावलं. सोकास्टीचा पूल गेला (1936 साली इथेच या मार्गाचा शेवटचा दुवा खुला झाला होता, हेही तुम्हीच नंतर सांगितलंत) आणि वाकामॉ नदी लागली. काळसर चहासारखं पाणी, पाण्यात पाय सोडून उभी सायप्रसची झाडं, त्यांच्यावरून लोंबणारं करडं शेवाळ. या सगळ्या प्रवासातला सर्वांत देखणा पट्टा. तिथेच इंजिन तापल्याचा भोंगा वाजला. हेच दोन तास आधी, त्या दगडांच्या दातांत झालं असतं तर मी हे पत्र इतक्या मजेत लिहीत नसते.

नांगर टाकला. नवऱ्याने इंजिनाचं झाकण उघडलं, मी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला: "बोटीच्या इंजिनातलं कोणाला कळतं का?" खरं तर अपेक्षा शून्य होती. ग्रुपवर आदल्या दिवसापासून भाजणीच्या चकलीवर वाद पेटला होता. पण चहा उकळायच्या आत तुमचा फोन. ओळख नाही, पाळख नाही, पहिला प्रश्न: "मागून एक्झॉस्टला पाणी येत होतं की नुसती वाफ?" वाफ म्हटल्यावर तुम्ही हसलात. "घाबरू नको गो, इंजिन खंय जातला? इम्पेलर गेला असेल. सी-कॉक बंद कर आणि पंप उघड." (सी-कॉक म्हणजे बाहेरचं पाणी आत घेणारी तोटी.)

इम्पेलरच गेला होता. थंड पाणी इंजिनात ढकलणारं ते रबरी चक्र, सहा पात्यांचं. आमच्याकडे जादाचा होता, पण पाकिटावर बरोबर नंबर आणि आत भलत्याच मापाचा माल. दुकानाचं नाव घेत नाही. तुम्ही नंबर लिहून घेतलात, मरेल्स इनलेटपर्यंत गाडी हाणलीत, तिथल्या दुकानातून योग्य तो शोधलात आणि संध्याकाळच्या आत नदीकाठच्या रॅम्पवर हजर झालात. नवरा वल्ही मारत डिंगी (आमची छोटी होडी) घेऊन तुम्हाला आणायला आला. सत्तरी ओलांडलेले तुम्ही डब्याची पिशवी मांडीवर, हत्यारांची पायाशी घेऊन असे बसला होतात की जणू बंदरात लागलेल्या जहाजावर ड्यूटीला निघालात.

त्यानंतरचा तास मी विसरणार नाही. मला वाटलं, नवीन चक्र बसवायचं आणि निघायचं. तुम्ही मोडका इम्पेलर तळहातावर घेतलात, पाती मोजलीत आणि म्हणालात, "सहापैकी चार आहेत. दोन कुठे गेली?" मी म्हटलं, वाहून गेली असतील. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "जहाजावर तुकडा वाहून जात नाही. पुढे जाऊन अडकतो आणि पुढच्या वेळी अडवतो." मग हीट एक्स्चेंजरच्या (जिथे ते पाणी इंजिनाची उष्णता घेतं) तोंडावरचा होस सोडवला. एक तुकडा तिथेच, लांब नाकाच्या पकडीने निघाला. दुसरा काही केल्या दिसेना. नवऱ्याचा हात इंजिन आणि भिंत यांच्या फटीत जात नव्हता, तुमचाही नाही. "तुझे हात बारीक आहेत, तूच घाल," म्हणून तुम्ही टॉर्च धरून बसलात. होसच्या कोपरात माझ्या बोटाला काहीतरी मऊ लागलं. नखाएवढं काळं रबर! तुम्ही ते इतर तुकड्यांशेजारी मांडून सहाचा आकडा जुळवलात आणि मगच नव्या इम्पेलरवर भांडी घासायच्या साबणाचं बोट फिरवायला सांगितलंत. पाती फिरण्याच्या दिशेला दुमडून तो कसा आत सरकवायचा, तेही माझ्याच हातून करून घेतलंत. इंजिन सुरू झालं, मागून पाण्याची पिचकारी उडाली आणि तुम्ही पहिल्यांदा चहा मागितलात.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. इम्पेलरचेसुद्धा नाहीत. वर काकूंच्या करंज्या आणि चकल्या, धनत्रयोदशी म्हणून. (चकल्या भाजणीच्याच होत्या. ग्रुपने नोंद घ्यावी.)

पण तुमचं खरं देणं चहाबरोबर आलं. केबिनमध्ये टांगलेलं कालनिर्णय पाहून तुम्ही विचारलंत, "जॉर्जियात कधी शिरणार?" आम्ही घाईत होतो. तुम्ही म्हणालात, "मी इंजिनवाला, वरचं मला विचारू नका," आणि लगेच वरचंच, म्हणजे वाट आणि पाण्याचं, सांगायला लागलात, कारण तुमचं बालपण वाघोटण खाडीवर गेलेलं. जॉर्जियात भरती-ओहोटीचा फरक सात ते नऊ फूट, अमावास्येच्या उधाणाला त्याहून जास्त. सरकारी कागदावर बारा फूट खोलीचा मार्ग, पण हेल गेट, लिटल मड रिव्हर, जेकिल क्रीक ही गाळाची ठिकाणं. दिवाळीची अमावास्या तोंडावर होती. "आता गेलात तर ओहोटीला पाणी पार तळाला जाईल. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही. तोवर चार्ल्स्टन बघा." तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढायचं कोकणातलं गणित इथे तसंच्या तसं चालत नाही, दर किनाऱ्याची अमावास्येची वेळ निराळी. पण भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, हे दोन्हीकडे सारखंच. आणि शेवटची सूचना: अर्धी भरती झाल्यावर शिरायचं, म्हणजे रुतलं तरी मागून येणारं पाणी उचलून घेईल.

आम्ही थांबलो. चार्ल्स्टनमध्ये पायाचे तुकडे पडेस्तोवर हिंडलो, आणि षष्ठी उलटल्यावर सव्हानाच्या खाली उतरलो. दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल पिवळं पडलेलं खाजणाचं गवत, मधून वळसे घेणारी खाडी, डॉल्फिन होडीला खेटून. लिटल मड रिव्हरमध्ये नवऱ्याच्या हातात सुकाणू, माझी नजर खोलीच्या आकड्यावर. दोघांपैकी कोणी बोलेना. कमीत कमी पाणी मिळालं ते आमच्या तळाखाली तीन फूट. आमच्याबरोबर बोफोर्टहून निघालेली एक होडी उधाणाच्या दिवसांतच पुढे गेली होती. ती ओहोटीत चिखलावर कलंडून रात्रीच्या भरतीपर्यंत बसून राहिली, असं त्यांनीच पुढे कंबरलँड बेटाजवळ भेटल्यावर सांगितलं. त्यांनाही आता भांग म्हणजे काय ते माहीत आहे. कालनिर्णयाचं पान दाखवून मीच समजावलं.

सध्या आम्ही फ्लॉरिडात सेंट ऑगस्टीनला नांगरून आहोत. इंजिन ठणठणीत आहे. तेल किती खातंय ते वेगळं कळवते, पण अर्ध्या लिटरच्या आत. जादाचे दोन इम्पेलर आणलेत आणि या खेपेला दुकानातच पाकीट फोडून मापाला लावून पाहिले.

एप्रिलमध्ये परत वर येताना वाकामॉवर थांबणार आहोत. काकूंचा डबा अजून आमच्याकडे आहे आणि तो रिकामा परत करायचा नाही, एवढं माझ्या आईने शिकवलंय. तेव्हा आंबोळ्या चालतील की पुरणपोळ्या, ते काकूंना विचारून ठेवा. तुमचं मत मागितलेलं नाही, तुम्ही सगळंच खाता.

आपली,
बारीक हातांची मदतनीस
(आणि सुकाणूवरचा नवरा)