शंभर टक्के हरित बेट आणि ५ किलोवॅटची गोष्ट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मधे तुमच्या पेपरात एक बातमी आली होती, परदेशातलं एक बेट आता शंभर टक्के हरित विजेवर चालतं म्हणून. वर निळ्या पॅनलचा झकास फोटो, खाली चार ओळी, संपलं. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती लगेच फिरली आणि खाली ठरलेली कमेंट, बघा तिकडे होतं, आपल्याकडेच का होत नाही. मी वीज खात्यात वायरमन म्हणून ३४ वर्षं काढली, आता रिटायर आहे, त्यामुळे पेपरात विजेचं काही आलं की मी ते दोनदा वाचतो. आणि ही बातमी दोनदा वाचूनही मला जे हवं होतं ते सापडलं नाही, म्हणून हे पत्र.

माझी मुलगी ग्लासगोला असते. मागे तिच्याकडे गेलो तेव्हा जावई म्हणाले बाबांना किल्ले बघायला नेऊ, मी म्हटलं किल्ले आपल्याकडे काय कमी आहेत, मला ते हरित विजेसाठी गाजलेलं एग बेट दाखवा. एग म्हणजे अंडं नाही हो, बेटाचंच नाव तसं आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज बेटं आहेत त्यातलं हे एक छोटं. ग्लासगोहून ट्रेनने मॅलेगपर्यंत जायचं, त्यातच पाच तासांवर वेळ जातो, मग तिथून बोट, आणि पाहुण्यांना गाडी बेटावर न्यायची परवानगी नाही त्यामुळे उतरलं की सरळ चालायला लागायचं. वस्ती शंभराच्या आसपास. आपल्याकडची एखादी वाडीसुद्धा याहून मोठी असते.

तर या शंभर माणसांना २००८ सालापर्यंत चोवीस तास वीज नव्हती. इंग्लंड-स्कॉटलंडमधे, २००८ पर्यंत! ज्याला परवडेल त्याचा स्वतःचा डिझेल जनरेटर, तो दिवसाचे काही तास चालणार, बाकी मेणबत्त्या नाहीतर घासलेटचे दिवे. किनाऱ्यावरून समुद्राखालून केबल आणायची तर खर्च एवढा की शंभर माणसांसाठी तो कुणी करणार नाही हे उघड होतं. मग त्यांनी बेटावरच जे होतं ते जमवलं. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यावर १०० किलोवॅटचं पाण्याचं टर्बाइन, आणखी दोन अगदी चिमुकली टर्बाइनं, ६-६ किलोवॅटच्या चार पवनचक्क्या, आणि सोलर, जे सुरुवातीला जेमतेम १० किलोवॅट होतं ते वाढवत वाढवत ५० पर्यंत नेलं. सोबत बॅटऱ्या, आणि ११ किलोमीटर केबल, सगळी जमिनीखालून. १ फेब्रुवारी २००८ ला हे चालू झालं. खर्च साधारण १६ लाख पौंड, बराचसा युरोपियन युनियनच्या आणि लॉटरीच्या अशा निधीतून, पण कनेक्शनचे पैसे रहिवाशांनीही भरले.

आता हिशेब करा. सगळं मिळून १८०-१८५ किलोवॅट होतं. आपल्याकडे गावात एका डीपीवर २०० केव्हीएचा (ढोबळ मानाने किलोवॅटच धरा) ट्रान्सफॉर्मर असतो. म्हणजे अख्ख्या बेटाची वीज आमच्या एका डीपीएवढी. त्या चार पवनचक्क्या पूर्ण जोरात फिरल्या तर २४ किलोवॅट, म्हणजे २ किलोवॅटचा एक धरला तर फक्त १२ गीझर. मला तर ते बघून आधी हसूच आलं होतं.

आणि एवढ्याशा विजेवर बेट चालतं कसं, तर इथेच ती गोष्ट आहे जी बातमीत कधीच नसते. तिथे प्रत्येक घराला ५ किलोवॅटची मर्यादा आहे आणि धंद्याला १०. घर मोठं असो की छोटं, माणसं दोन असोत की सहा, ५ म्हणजे ५. आम्ही ज्या घरी उतरलो होतो तिथे स्वयंपाकघरात एक छोटं यंत्र होतं, आत्ता किती लोड चालू आहे ते दाखवणारं, आणि घरातल्या बाईंची सवय अशी की केटल लावायच्या आधी नजर आपोआप तिकडे जायची, वॉशिंग मशीन चालू असेल तर केटल थांबायची. मर्यादेच्या वर गेलात की वीज बंद. मग मेंटेनन्सवाल्याला बोलवायचं, तो येऊन चालू करून देणार आणि त्याचे पैसे घेणार. बाई म्हणाल्या एकदा झालं की माणूस शिकतो, पैशांपेक्षा शेजाऱ्याला बोलवायची लाज जास्त वाटते, कारण तो मेंटेनन्सवाला म्हणजे बेटावरचाच, ट्रेनिंग घेतलेला माणूस.

मी वायरमन आहे, मला हे ऐकून काय वाटलं ते मीच जाणतो. आमच्याकडे मंजूर लोड हा कागदावरचा प्रकार. कनेक्शन घेतलं १ किलोवॅटचं, मग फ्रीज आला, मग पंप, मग मुलाच्या लग्नात एसी, आणि मे महिन्यात रात्री नऊ वाजता सगळे एसी एकदम लागले की डीपीवरचा फ्यूज उडणार, मग लोकांचा फोन मला, आणि मी जाऊन (आता रिटायर आहे म्हणून सांगतो) त्यात आणखी जाड तार घालणार कारण लोक खाली उभे राहून शिव्या घालतायत. पुढे मग ट्रान्सफॉर्मरच जळतो. हे माझ्या हातून किती वेळा झालं ते मोजलेलं नाही. एगवर जाड तार घालायची सोयच नाही कारण मागे ग्रिड, म्हणजे बाहेरून वीज आणणारं मोठं जाळं नाहीये, जे आहे ते एवढंच आहे हे प्रत्येकाला माहितीये.

वीज जास्त झाली तर काय हेही मी विचारलं. खूप पाऊस, खूप वारा असला की जादा वीज आपोआप त्यांच्या सामायिक हॉलचे आणि चर्चचे हीटर तापवायला जाते. फुकट. मला हे फार आवडलं. आणि कमी पडली, म्हणजे पाऊस नाही, वारा पडलाय, तर लोकांना निरोप जातो की जरा जपून वापरा, आणि तरी कमी पडली तर डिझेल जनरेटर चालू होतो. हो, डिझेल! दोन जनरेटर आहेत तिथे, अजूनही. वर्षाची ९०-९५ टक्के वीज पाणी-वारा-उन्हाची आणि बाकीची डिझेलची, आणि ते लोक हे लपवत नाहीत. शंभर टक्के हे तुम्ही पेपरवाल्यांनी (माफ करा) त्यांना चिकटवलंय.

स्पेनच्या ताब्यातल्या एल हिएरो बेटाचंही असंच. तिथे पाच मोठ्या पवनचक्क्या, आणि वारा जास्त असला की पाणी पंपाने वरच्या तलावात चढवायचं, वारा पडला की तेच पाणी खाली सोडून वीज काढायची, हे २०१४ पासून चालू आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात सलग २४ दिवस डिझेलशिवाय काढले, जगभर बातम्या झाल्या. पण वर्षाचा हिशेब काढला तर डिझेलशिवायची वीज निम्म्याच्या आसपासच येते. आपल्याकडे दीव, तिथेही दिवसा सोलरवर सगळं भागतं अशी बातमी होती ती खरी आहे, पण त्यात 'दिवसा' हा शब्द महत्त्वाचा आहे, रात्री वीज गुजरातकडून येते. यातलं काहीच कमी नाही, निम्मं डिझेल वाचलं तरी मोठी गोष्ट आहे, फक्त निम्म्याला निम्मं म्हणा.

दुसरी गोष्ट मालकीची. एग बेट पूर्वी एका मालकाचं असायचं, म्हणजे जमीनदारच म्हणा, तो विकेल तेव्हा नवीन मालक. रहिवाशांनी १९९७ साली निधी गोळा करून बेटच विकत घेतलं, ट्रस्ट केला, आणि वीज कंपनी त्या ट्रस्टची. त्यामुळे ५ किलोवॅटचा नियम वरून कुणी लादलेला नाही, मीटिंगमधे बसून भांडून ठरवलेला आहे. आधी जमीन, मग घरं, मग अकरा वर्षांनी वीज, असा क्रम आहे तो. आपण पॅनलपासून सुरू करतो.

आमच्या वाडीत काही वर्षांपूर्वी सोलरचे पथदिवे लागले, १४ खांब, नारळ फुटला, फोटो निघाले. दोन पावसाळ्यांत बॅटऱ्या गेल्या. बदलायच्या कुणी? ज्यांनी लावले त्यांची मुदत संपली, ज्यांच्या ताब्यात दिले त्यांच्याकडे पैसे नाहीत. मी म्हटलं घरटी वर्गणी काढू, मी बसवून देतो, तर उत्तर आलं की सरकारी वस्तूला आपण कशाला हात लावायचा. आज त्यातल्या एका खांबाला म्हशी बांधतात, पॅनल मात्र अजून चकचकीत आहे.

आता घारापुरीबद्दल, कारण ग्रुपवर तोही विषय निघाला. गेटवेवरून दिसणाऱ्या त्या बेटावर २०१८ साली समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज नेली. त्याआधी डिझेल जनरेटरवर संध्याकाळचे जेमतेम तीन-साडेतीन तास. काही लोक म्हणतात तिथे सोलर का नाही केलं. माझं मत, केबल टाकली ते बरोबर केलं. मुंबई एवढी जवळ असताना त्या तीन गावांच्या माणसांनी बॅटरीचा काटा बघत केटल लावावी हे मला पटत नाही.

खरा प्रश्न लक्षद्वीपचा आहे. तिथली वीज वर्षानुवर्षं डिझेलवर, आणि ते डिझेल मुख्य भूमीवरून समुद्रातून आणायचं, पावसाळ्यात समुद्र खवळला की आणखी पंचाईत. पण म्हणून एगचा नमुना उचलून तिथे ठेवता येणार नाही. एग बेट साधारण ३१ चौरस किलोमीटर, लक्षद्वीपची सगळी बेटं मिळून ३२. एगवर माणसं शंभर, तिकडे २०११ च्या जनगणनेत ६४ हजारांवर. प्रवाळाची सपाट बेटं, डोंगर नाही त्यामुळे ओढा नाही, म्हणजे पाण्याची वीज नाही. पॅनल लावायला मोकळी जमीन कुठून आणणार, नारळ तोडून? घरांची छपरं आणि बॅटऱ्या यावरच जायचं तर घरटी लोड ठरवावा लागेल, आणि तो ठरवायला तिथली माणसं बसली पाहिजेत. कोकणात उलट सोय आहे, पावसात ऊन नसतं पण वहाळ (म्हणजे ओढे) भरून वाहतात, एप्रिल-मेमधे वहाळ कोरडे पण ऊन मरणाचं. एगवर हेच होतं, हिवाळ्यात पाऊस-वारा, उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड. सह्याद्रीतल्या टोकाच्या वाड्यांना, जिथे दर पावसाळ्यात झाड पडून आठ-आठ दिवस लाइन बंद असते (ती झाडं मीच तोडली आहेत), तिथे हे करून बघण्यासारखं आहे. एकाच वाडीत, पण बॅटरीचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवून.

पत्र फार लांबलं याची कल्पना आहे, तुमच्याकडे जागेची अडचण असणार. कापायचं असेल तर माझा प्रवास कापा, म्हशी कापा, पण तो ५ किलोवॅटचा भाग तेवढा ठेवा.

आपला,
एक रिटायर वायरमन
(रत्नागिरी जिल्हा)