चिनी कवडी आणि चित्रलिपीचा समज

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील लिपीविषयक लेखात, चिनी अक्षरे ही वस्तूंची छोटी चित्रे असून ती पाहून अर्थ ओळखता येतो, असे म्हटले आहे. लेख वाचनीय असला तरी हे विधान अर्धेच खरे आहे, आणि ते आम्हा किनारपट्टीवाल्यांच्या ओळखीच्या कवडीवरून तपासता येते.

कवडीच्या चिनी अक्षराचा उच्चार साधारणपणे 'पेइ' असा होतो. सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीच्या, शांग राजवटीतील शकुन पाहण्याच्या हाडांवर ते दोन फुगीर बाजू व मध्ये फट अशा रूपात कोरलेले आढळते. आजच्या पारंपरिक रूपात मात्र उभी चौकट, आत दोन आडव्या रेघा आणि खाली दोन पाय एवढेच उरले आहे. समुद्रापासून दूर असलेल्या आन्यांग येथे १९७६ साली उत्खनन झालेल्या शांगकालीन फू हाओ राणीच्या थडग्यात ६ हजारांहून अधिक कवड्या निघाल्या. उष्ण समुद्रातली ही वस्तू तिथे इतकी मोलाची असल्यामुळेच खरेदी, विक्री, महाग, गरीब, बक्षीस अशा अनेक अक्षरांत ती जाऊन बसली. 'खरेदी'च्या जुन्या रूपात तर कवडीवर चक्क जाळे आहे. (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या रापणकरांना हे अक्षर नक्की आवडेल.)

परंतु 'संपत्ती' या अक्षरात कवडीशेजारचा भाग केवळ उच्चार सुचवण्यासाठी आलेला आहे. इ. स. १०० च्या सुमारास श्यू शन याने रचलेल्या कोशातील ९,३५३ अक्षरांपैकी बहुतेक अक्षरे अशीच, एक भाग अर्थाचा व एक ध्वनीचा, या पद्धतीची आहेत. त्याहून फसवी गोष्ट अशी की, काही अक्षरांतली कवडी मुळात कवडीच नाही. 'नियम' आणि 'सदस्य' या अक्षरांच्या प्राचीन रूपांत त्या जागी कांस्याचे पायांचे पात्र होते, आणि लेखनिकांच्या हातून आकार सोपा होत होत ते कवडीसारखे दिसू लागले.

लेखासोबतच्या तक्त्यात 'सदस्य' या अक्षराची फोड 'तोंड आणि कवडी, म्हणजे पैसे मागणारा' अशी दिली आहे. प्रत्यक्षात वरचा चौकोन म्हणजे पात्राचा गोलावा दाखवणारे वर्तुळ असून 'गोल' हाच त्या अक्षराचा मूळ अर्थ होता. विद्यार्थी असे तक्ते कापून वहीत चिकटवतात, म्हणून पुढील अंकात ही दुरुस्ती जुन्या रूपासह छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मालवण