गुठळी निघाली, सोबतच्या औषधाचे काय?

महोदय,
स्ट्रोकमध्ये मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी जांघेतून नळी घालून काढल्याने फायदा होतो, हे २०१५ च्या चाचण्यांनी दाखवून दिले. तरीही बरेच रुग्ण पूर्ववत होत नाहीत, म्हणून सोबत द्यायच्या औषधांचा शोध चालू आहे. तिथे घाई नको. मेंदूच्या पेशी वाचवण्यासाठी तयार केलेल्या नेरिनेटाइड या औषधाचेच पाहा. २०२० च्या चाचणीत त्याचा एकूण फायदा दिसला नाही. ज्यांना गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेजही दिले होते, त्यांच्या रक्तात नेरिनेटाइडची पातळीच घसरलेली आढळली. मेंदूतल्या रक्तस्रावाची धास्ती तर कायमचीच. रुग्णाची वाचा गेलेली, संमतीपत्रावर नातेवाइकांनी काही मिनिटांत सही करायची. त्यांना धोका समजेल अशा भाषेत सांगितलाच पाहिजे, आणि फसलेल्या चाचण्यांचे निकालही जाहीर झाले पाहिजेत.

– एक वाचक