आंतरराष्ट्रीय व्यापार शिकणारी मुलं आमच्या पॅकहाउसमध्ये पाठवा

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी निफाड तालुक्यातला शेतकरी. चार एकर द्राक्षबाग आणि दीड एकर कांदा. माझी मुलगी नाशिकला बीबीए (आयबी)च्या तिसऱ्या वर्षाला आहे. आयबी म्हणजे इंटरनॅशनल बिझनेस. आमच्या घरातली ती पहिली पदवीधर होणार. कोर्स विनाअनुदानित, त्यामुळे तिची फी बागेच्या पैशातून जाते, आणि बागेचा पैसा येतो निर्यातीतून. ज्या व्यापारावर आमचं घर चालतं तोच व्यापार मुलगी कॉलेजात शिकते, पण तीन वर्षांत कॉलेजानं तिला या व्यापाराजवळ एकदाही नेलं नाही. हे पत्र त्यासाठीच लिहितो आहे.

२०२४ च्या हंगामातली गोष्ट सांगतो. माझा थॉमसन जातीच्या द्राक्षाचा माल एका निर्यातदारानं युरोपसाठी घेतला. सौदा बागेत झाला, वजन बागेत झालं, गाडी पॅकहाउसला, म्हणजे निर्यातीचा माल निवडून पेट्यांत भरतात तिथं, गेली. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू होते, म्हणून कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जात होते. दीड महिन्यानं मला निरोप आला : माल उशिरा पोचला, मणी मऊ निघाले, किलोमागे १८ रुपये कापून मिळतील. मी कागद मागितला, तर व्हॉट्सअॅपवर इंग्रजीतली दोन पानं आली. मला काही कळलं नाही. सही केली आणि उरलेले पैसे घेतले.

मुलगी तेव्हा पहिल्या वर्षाला होती. वर्षभरानं तिच्या वर्गात एफओबी, सीआयएफ हे प्रकार शिकवले, म्हणजे मालाची जोखीम विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे कुठल्या टप्प्यावर जाते ते. त्या रात्री तिनं माझ्या जुन्या मोबाइलमधली ती दोन पानं शोधून काढली आणि वाचली. म्हणाली, "दादा, यात कंटेनर नंबरच नाही. हा माल आपलाच होता कशावरून? आणि सौदा बागेत झाला होता, तर समुद्रातलं नुकसान आपल्यावर कसं?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सरांना विचारलं. सर भले माणूस. त्यांनी खरं ते सांगितलं : त्यांनी स्वतः कधी पॅकहाउस पाहिलेलं नाही, आणि हा प्रश्न परीक्षेला येत नाही.

सरांना मी दोष देत नाही. ते तासिका तत्त्वावर आहेत, दोन कॉलेजांत शिकवतात, तासाचे पैसे वेळेवर मिळत नाहीत. अशा माणसानं स्वतःच्या खर्चानं पिंपळगाव बसवंतला येऊन रीफर कंटेनर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर, कसा भरतात ते बघावं, अशी अपेक्षा कशी धरायची?

तिच्या एका मैत्रिणीला प्रकल्पासाठी अमेरिकेतल्या अर्कान्सास राज्यातल्या एका मोठ्या कंपनीचं जागतिक धोरण हा विषय मिळाला. सगळा मजकूर इंटरनेटवरचा. त्या मुलीचे वडील लासलगावला कांद्याचे अडते आहेत. घरी रोज दुबई, कोलंबो, ढाका ही नावं जेवताना निघतात, आणि प्रकल्प मात्र अर्कान्सासचा.

साहेब, आमच्या भागात काय काय घडून गेलंय ते तुम्हाला ठाऊकच असेल. २०१० मध्ये युरोपनं आपली द्राक्षं अडवली, कारण क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला. वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला आम्ही सगळेच ते वापरत होतो. आपल्याकडं ज्या रसायनांची तपासणी होत होती, त्या यादीत ते नव्हतंच. तिकडचा नियम कुणीतरी नीट वाचून आम्हाला आधी सांगितला असता, तर कितीतरी बागाईतदार कर्जात गेले नसते. ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांसाठीच्या ऑनलाइन व्यवस्थेत प्लॉटची नोंदणी, पॅकहाउसची मान्यता, प्रयोगशाळेचा अहवाल, मालात कीड-रोग नसल्याचा फायटोसॅनिटरी दाखला, अशी चांगली व्यवस्था आज आहे. पण एमआरएल, म्हणजे औषधाच्या अंशाची मर्यादा, देशागणिक वेगळी असते आणि बदलत राहते. ती वाचून आमच्या भाषेत सांगणारं गावात कोणी नाही. औषधाच्या दुकानदारावर आमचा भरवसा, आणि तो त्याला विकायचंय ते सांगतो.

आता कांद्याचं. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद झाली. मे २०२४ मध्ये ती उघडली, पण टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबरात किमान किंमत गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं, ते १ एप्रिल २०२५ ला निघालं. दीड-पावणेदोन वर्षांत इतक्या वेळा नियम फिरला. निर्यातबंदी आली त्या रात्री आमच्या ओट्यावर वीसेक माणसं बसली होती. मुलगी सुट्टीला घरी होती. तिनं डीजीएफटीची, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाची, अधिसूचना मोबाइलवर उघडली आणि एकेक ओळ मराठीत सांगितली : बंदी ३१ मार्चपर्यंत आहे, आणि ज्यांचा माल आधीच कस्टमच्या ताब्यात गेलाय त्यांना सूट आहे. पुढ्यात बसलेल्या एकाचा माल वाटेत होता. तो उठून थेट फोन लावायला गेला. पहिल्या वर्षाच्या पोरीनं केलेलं ते काम मला अजून आठवतं. तिच्या कोर्समध्ये त्याला एक गुणही नव्हता.

माझं मागणं असं आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याच विभागानं पदवीला ऑन जॉब ट्रेनिंग, क्षेत्रप्रकल्प आणि समाजाशी जोडणारे उपक्रम यांना श्रेयांक दिले आहेत. कागदावर ते छान आहे. पण कॉलेजं ते श्रेयांक पोस्टर स्पर्धा आणि एका दिवसाच्या सहलीत संपवतात. आयबीच्या कोर्सपुरतं तरी ठरवून द्या, की हे काम त्या जिल्ह्यातून जो माल परदेशी जातो त्याच्यासोबत झालं पाहिजे. नाशिकला द्राक्ष आणि कांदा आहे. सांगलीला बेदाणा आणि हळद, सोलापूरला टॉवेल, रत्नागिरीला हापूस. प्रत्येक विद्यापीठाच्या दाराशी काहीतरी आहेच.

वेळापत्रकही बघा. बहुतेक कॉलेजं इंटर्नशिप मे महिन्यात ठेवतात. मे महिन्यात आमच्या बागेत एक घड नसतो, खरड छाटणी उरकलेली असते आणि पॅकहाउसला कुलूप असतं. निर्यातीचा हंगाम जानेवारीच्या शेवटी सुरू होतो आणि मार्चअखेर ओसरतो. पोरांना शिकायचं असेल तर तेव्हाच यायला हवं. विद्यापीठाचं वेळापत्रक द्राक्षासाठी थोडं सरकवणं तुमच्या हातात आहे.

आणि एक भीती आहे तीही बोलतो. मुलांना पाठवलं की त्यांच्याकडून पेट्या भरून घेतील, फुकट मजूर म्हणून वापरतील. तसं होऊ देऊ नका. पेटी कशी भरतात ते त्यांनी बघावं, पण त्यांचं काम कागदाचं असावं : शिपिंग बिल (कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद), बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), तापमानाची नोंद, निर्यातदार आणि शेतकरी यांच्यातला करार. आठवड्यातून एक दिवस कॉलेजच्या मुलांनी गावच्या सोसायटीत बसावं आणि ज्याला जो कागद कळत नाही तो मराठीत समजावून द्यावा. दर हंगामाला कुणी ना कुणी व्यापारी पैसे बुडवून पळतो. करार कसा करायचा, आगाऊ किती घ्यायचे, निर्यातीच्या पैशाचा विमा ईसीजीसी या सरकारी विमा कंपनीकडं कसा उतरवतात, हे सगळं त्यांच्या पुस्तकात आहे. आमच्यापर्यंत ते कधी आलंच नाही. सोबत येणाऱ्या शिक्षकाला त्या तासांचं मानधन द्या, आणि मुलींसाठी संध्याकाळी परतायला गाडीची सोय करा, नाहीतर आई-बाप पाठवणार नाहीत. मी तरी पाठवणार नाही.

मोहाडीला शेतकऱ्यांनी सह्याद्री फार्म्स उभी केली. तिथं शेतकऱ्याचीच माणसं जगाशी व्यवहार करतात. ते आमच्या शेजारच्या तालुक्यात घडलंय. अशी माणसं आणखी हवीत, आणि ती याच कोर्समधून निघू शकतात.

२०२४-२५ पासून बीबीए एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, कक्षेत गेलं आणि प्रवेशासाठी सीईटी आली. आमच्या शेजारच्या मुलाला सीईटी आहे हेच कळलं नव्हतं. त्या वर्षी जादा सीईटी घेऊनही जागा रिकाम्या राहिल्या. ज्या कोर्सचा गावाला उपयोग दिसतो, त्याची परीक्षा कधी आहे ते गाव विचारत येतं.

यंदा मे महिन्यापासून पाऊस लागून राहिला, माझ्या बागेत घड कमी आहेत. तरी जानेवारीअखेर पहिला माल निघेल. आमच्या गटाच्या पॅकहाउसवाल्याशी मी बोललोय, दहा मुलं आणि एक शिक्षक यांना तो हंगामभर जागा द्यायला तयार आहे. कॉलेजला विचारलं तर म्हणाले, विद्यापीठाचं परिपत्रक आणा. ते तुमच्या कार्यालयातून निघावं, एवढीच विनंती.

आपला,
निफाड तालुक्यातला एक द्राक्ष उत्पादक