पौर्णिमेच्या रात्री विकलेला उल्कावर्षाव: तक्रार व परताव्याची मागणी

सोलापूर
दि. २० डिसेंबर २०२४

प्रति,
मा. व्यवस्थापक, सहल विभाग

विषय: दि. १४ डिसेंबर २०२४ च्या 'मिथुन उल्कावर्षाव दर्शन' सहलीतील सेवेची त्रुटी व दिशाभूल करणारी जाहिरात

महोदय,

खाली सह्या करणाऱ्या आम्ही आठ जणांनी माणशी १,९५० रुपये भरून ही सहल घेतली. जाहिरातीत चार गोष्टी कबूल केल्या होत्या: तासाला १५० उल्का, पूर्ण अंधारी जागा, तज्ज्ञ मार्गदर्शक आणि प्रत्येकाला दुर्बिणीतून उल्कादर्शन. यांतली एकही मिळाली नाही आणि शेवटची तर कुठलीच कंपनी देऊ शकत नाही. आकाश निरभ्र होतं, त्यामुळे ढगांवर खापर फोडता येणार नाही.

आधी तारीख. त्या दिवशी दत्तजयंती होती. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला येते हे कळायला खगोलशास्त्र लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. त्या संध्याकाळी जवळजवळ पूर्ण चंद्र रोहिणीच्या भागात गुरूला खेटून होता, म्हणजे मिथुन राशीच्या अगदी शेजारी. शिवाय या वर्षावाचा भर १४ तारखेच्या पहाटे होता आणि शिखर उलटल्यावर मिथुनेच्या उल्का झपाट्याने ओसरतात. १३ च्या रात्रीही चंद्र होताच, पण निदान वर्षाव भरात होता. आपण शनिवार धरला तो बस भरावी म्हणून, असंच दिसतं.

'तासाला १५०' हा आकडा कुठून आला तेही पाहू. आकाश इतकं काळं आहे की साडेसहाव्या प्रतीचा तारा (प्रत म्हणजे तेजाची पायरी; आकडा जितका मोठा, तितका तारा अंधुक) डोळ्यांना दिसतो, आणि उल्कांचा उगमबिंदू, म्हणजे आकाशात त्या जिथून येताना दिसतात ती जागा (इथे मिथुन रास), बरोबर डोक्यावर आहे, असं गृहीत धरून हा दर काढतात. त्या रात्री चौथ्या प्रतीपलीकडचा तारा दिसत नव्हता. मिथुनेच्या उल्कांसाठी प्रतीच्या एकेका पायरीला संख्या सुमारे २.६ पटीने घटते, म्हणजे अडीच पायऱ्यांना जवळपास ११ पट. रात्री दहाला उगमबिंदू क्षितिजापासून ३० अंशांवर होता. तेवढ्याने आकडा निम्मा होतो. १५० चे ७५, भागिले ११, म्हणजे तासाला कशाबशा सात. तेही वर्षाव भरात आहे असं धरून. हा हिशेब बुकिंग घेण्याआधी पाच मिनिटांत झाला असता.

आता वेळ. सोलापुरातून हा उगमबिंदू संध्याकाळी साडेसातच्या सुमारास उगवतो आणि रात्री सव्वादोन-अडीचला सर्वात उंच, ७५ अंशांवर येतो. आपली बस पावणेअकराला परत निघाली. ड्रायव्हरची ड्युटी संपत होती, हे कारण सांगण्यात आलं. पहाटेपर्यंत थांबता येत नसेल तर ही सहल काढूच नये.

जागेची निवड तर उलटीच झाली. मंगळवेढा रस्त्यावरच्या त्या शेतावरून सोलापूर पूर्व-ईशान्येला पडतं आणि मिथुन रास त्याच बाजूने वर येते. शहराचा पिवळट उजेड नेमका तिथेच पसरलेला होता. बार्शी किंवा तुळजापूरच्या बाजूला तेवढंच अंतर गेलं असतं, तर शहर पाठीमागे राहिलं असतं. मुळात ते शेत हुरडा पार्टीचं: मधोमध पेटलेली आगटी, झाडाला बांधलेला हॅलोजन, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे हेडलाइट. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झोताने ती वाया जातात. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागद लावायला दहा रुपयेही लागले नसते. हॅलोजन बंद करा म्हटल्यावर 'लेडीज आहेत, अंधार कसा चालेल' हे उत्तर मिळालं. अंधाराचेच तर पैसे घेतले होते! झोपून पाहण्यासाठी सतरंज्या नव्हत्या, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. मान वर करून खुर्चीत बसलेला माणूस दहा मिनिटांत खाली बघायला लागतो. सोलापुरात चादरी मिळेनात, याला काय म्हणावं!

मार्गदर्शकाने सगळ्यांना दुर्बिणीच्या रांगेत उभं केलं. दुर्बिणीत आकाशाचा जेमतेम एक अंश मावतो. क्षणार्धात विझणारी उल्का त्यात सापडणं हा निव्वळ योगायोग. उल्का नुसत्या डोळ्यांनीच पाहायच्या असतात. रांगेतली माणसं मात्र पुढच्याच्या पाठीकडे बघत होती. गुरूचे पट्टे आणि चार चंद्र छान दिसले, ते नाकारत नाही, पण सहल गुरूदर्शनाची नव्हती. पुढे त्याने हिरवा लेझर उगमबिंदूशेजारच्या पुनर्वसूच्या ताऱ्यांवर रोखून 'इथेच बघत राहा' असं सांगितलं. उगमबिंदूजवळच्या रेषा आखूड असतात. ४०-५० अंश बाजूला, आणि त्या रात्री चंद्राकडे पाठ करून, बघायला हवं होतं. विमानाचा लुकलुकता दिवाही त्याच्या मोजणीत जमा झाला.

त्याने या उल्का हॅलेच्या धूमकेतूच्या असल्याचंही सांगितलं. हॅलेचे वर्षाव ऑक्टोबरात आणि मे महिन्यात येतात. मिथुनेच्या उल्का १९८३ साली सापडलेल्या फेथॉन या लघुग्रहाच्या. सहलीतल्या शाळकरी मुलांनी ते हॅले वहीत उतरवून घेतलं आहे.

पिठलं, कडक भाकरी आणि शेंगाचटणीबद्दल तक्रार नाही. जेवण व बसचे माणशी ६०० रुपये वजा करून उरलेले १,३५०, म्हणजे आठ जणांचे १०,८०० रुपये, हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत ज्या खात्यांतून आले त्याच खात्यांत परत करावेत. तसं न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे भरल्याच्या पावत्या आणि बस निघाल्याच्या वेळेचा फोटो जोडला आहे.

शेवटचा मुद्दा तातडीचा आहे. ३ जानेवारीला 'संध्याकाळी ७ ते १०, नववर्षाचा पहिला उल्कावर्षाव' अशी आपली नवी जाहिरात कालपासून फिरते आहे. त्या वर्षावाचा उगमबिंदू भूतप तारकासमूहात, सप्तर्षींच्या शेपटीच्या बाजूला आहे आणि सोलापुरातून तो रात्री एकनंतर उगवतो. सात ते दहा या वेळात तो क्षितिजाखालीच असेल. चंद्र लवकर मावळतो, तेव्हा रात्री दोन ते पहाटे साडेपाच अशी वेळ ठेवून सहल नेता येईल; संख्येचं आश्वासन मात्र देऊ नका, कारण या वर्षावाचा भर काही तासांचाच असतो आणि यंदा तो ३ तारखेच्या संध्याकाळीच येऊन जातो. वेळ बदलणार नसाल तर घेतलेली बुकिंग आजच रद्द करून पैसे परत करावेत आणि तसं आम्हाला लेखी कळवावं.

आपले,
(आठ ग्राहकांच्या सह्या)